मुलामा आणि पाणी : शेफील्डच्या चाकूंच्या पात्यांवरील लेप व त्यांची पारख

१

खिशात बाळगावयाचा घडीचा चाकू ही वस्तू दिसावयास लहान आहे. परंतु तिच्या पात्यात दोन परस्परविरोधी अपेक्षा एकत्र आलेल्या असतात. धार टिकावी म्हणून पाते कठीण पोलादाचे हवे. आणि ज्या साध्या कार्बनयुक्त पोलादाला उत्तम धार येते, तेच पोलाद ओलाव्याने गंजते, फळांच्या आम्लाने काळे पडते व कापलेल्या फोडीला लोखंडाची चव आणते. घडीच्या चाकूत ही अडचण अधिकच वाढते. त्याचे पाते मुठीच्या खाचेत मिटून राहते. तेथे घाम, धूळ, कापडाचे तंतू व फळांचा रस साचून राहतो आणि तो पुसला जाण्याची सोय नसते. शिवाय उघडता-मिटताना पात्याची बाजू मुठीतील पत्र्यांवर घासत असते. गंजण्यास आणि झिजण्यास सारखीच अनुकूल अशी ही जागा होय. तेव्हा पात्याच्या पृष्ठभागाला झिलई, चांदी किंवा अन्य कशाचा तरी थर देऊन त्याचे रक्षण करावे, ही कल्पना चाकूकारांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

परंतु लेपाचे कार्य दुहेरी आहे. जे तो राखतो तेच तो झाकतोही. लेपाखालचे पोलाद उत्तम आहे की कच्चे, त्याला योग्य उष्णतेवर कठीणपणा आणला आहे की नाही, आणि मुळात ते पोलाद तरी आहे काय, हे गिऱ्हाइकाला बाहेरून कळत नाही. म्हणून पात्यावरील लेप किती टिकतो, हा प्रश्न आरंभापासूनच त्या पात्याची पारख कोणी केली व कोणत्या कसोटीने केली, या प्रश्नाशी जोडला गेला आहे. या दोन प्रश्नांचा संबंध शेफील्ड या इंग्लंडमधील नगराच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या ‘कॅंटरबरी टेल्स’मधील एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफील्डचा ‘थ्विटल’ खोचलेला दाखविला आहे. यावरून त्या नगराचा चाकू तेव्हाच दूरवर ओळखला जात होता, असे अनुमान करता येते.

मराठी भाषेने या विषयातील मूळ भेद दोन शब्दांत पकडून ठेवला आहे. ‘मुलामा’ हा अरबीतून आलेला शब्द धातूवर चढविलेल्या सोन्या-चांदीच्या थराचा वाचक. पण व्यवहारात त्याचा अर्थ वरवरची, दिखाऊ शोभा असा होऊन बसला. याउलट ‘पाणी’ हा शब्द, तापविलेले पोलाद पाण्यात बुडवून कठीण करण्याच्या क्रियेवरून, अंगच्या तेजाचा व दमाचा वाचक झाला. माणसाचे पाणी जोखावयाचे असते, आणि मुलामा एक ना एक दिवस उडावयाचा असतो. शेफील्डच्या चाकूंचा सुमारे चारशे वर्षांचा इतिहास म्हणजे मुलाम्याआडचे पाणी जोखण्याच्या प्रयत्नांचाच इतिहास आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

२

शेफील्ड व त्याच्या आसपासचा प्रदेश हॅलमशायर या नावाने ओळखला जातो. तेथील चाकूकारांचा संघ, म्हणजे कटलर्स कंपनी, १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. एक प्रमुख, दोन सहप्रमुख, सहा शोधक व चोवीस साहाय्यक अशी एकूण तेहेतीस जणांची त्याची रचना होती. रॉबर्ट सॉर्स्बी हा त्याचा पहिला प्रमुख होय. सात वर्षांची उमेदवारी पूर्ण केल्यावाचून कोणी स्वतंत्रपणे धंदा करू नये, प्रत्येक उस्तादाने संघाने दिलेला ठसाच आपल्या मालावर मारावा, दुसऱ्याचा मारू नये, आणि शोधकांनी कारखान्यांतून खोट्या मालाचा शोध घ्यावा, अशी ही व्यवस्था होती.

या कायद्यातील एक कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कापणाऱ्या प्रत्येक हत्याराची धार पोलादाची व केवळ पोलादाचीच असावी, असा त्यात दंडक होता. सबंध पाते पोलादाचे असावे असा आग्रह कायद्याने धरला नाही, आणि ते व्यवहार्यही नव्हते. पोलाद महाग होते. लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार जोडून पाते घडविण्याची रीत रूढ होती. कायद्याने बोट ठेवले ते धारेवर. याचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. पात्याच्या कुशीवर, पाठीवर, मुळाशी कोणताही थर देता येतो. पण सहाणेवर धार लावताच धारेवरचा थर निघून जातो व मूळ धातू उघडा पडतो. पात्याचा जो भाग प्रत्यक्ष काम करतो, तो नेहमीच उघडा असतो. त्यामुळे लेप कितीही चांगला असला तरी चाकूचा अखेरचा न्याय लेपाच्या पलीकडेच व्हावयाचा. १६२४ च्या कायदेकारांना आधुनिक लेपांची कल्पना असणे शक्य नव्हते. तथापि त्यांनी निवडलेली जागा अचूक होती.

या व्यवस्थेची एक मर्यादाही येथेच नोंदविणे इष्ट होय. शेफील्डचा चाकू एका माणसाच्या हातचा क्वचितच असे. एक जण पाते घडवी, दुसरा ते चाकावर घासून पाडी, तिसरा मूठ बसवून चाकू जुळवी. पुष्कळ कारागीर ‘लिट्ल मेस्टर’ या नावाने ओळखले जाणारे लहान उस्ताद असत. ते भाड्याच्या जागेत काम करीत आणि मोठ्या पेढ्यांना माल पुरवीत. ठसा मात्र पेढीचा. म्हणजे ज्याचे नाव पात्यावर उमटे त्याने ते पाते घडविलेले नसे, आणि ज्याने घडविले त्याचे नाव गिऱ्हाइकास कधीच कळत नसे. ठसा ही कारागिराची सही राहिली नाही. दुसऱ्याच्या कामाबद्दल दिलेली ती हमी झाली. अशी हमी द्यावयाची तर आलेला माल तपासून घेणे पेढीला भागच होते. कारखानदाराने आपल्या मालाची गुणवत्ता स्वतः तपासण्याची निकड याच परिस्थितीतून निर्माण झाली.

३

पात्याचे पहिले संरक्षण म्हणजे त्याची झिलई. खडबडीत पृष्ठभागावरील बारीक खाचांत ओलावा अडकून राहतो व तेथून गंजाला सुरुवात होते. आरशासारख्या गुळगुळीत पात्यावर तो तितक्या सहजी धरत नाही. म्हणून उत्तम प्रतीच्या पात्यांना शेफील्डमध्ये ‘क्रोकस’ या नावाच्या तांबड्या भुकटीने अखेरची झिलई देत. ही भुकटी म्हणजे लोहाचे ऑक्साइड होय. रसायनदृष्ट्या ती गंजाचीच सख्खी बहीण. गंजाच्या भुकटीने घासूनच गंजाला दूर ठेवावयाचे, असा हा व्यवहार होता. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या सुमारास मुशीत वितळवून एकजीव पोलाद तयार करण्याची रीत काढल्यानंतर अशा झिलईला योग्य असा निर्मळ धातू चाकूकारांना मिळू लागला. त्यापूर्वीच्या पोलादात मळीच्या रेषा राहत, आणि झिलई जितकी उत्तम तितक्या त्या अधिक स्पष्ट दिसत. या अर्थी झिलई ही स्वतःच एक कसोटी होती.

परंतु या चकाकीची किंमत कोणी दिली, हेही इतिहासात नोंदविलेले आहे. पाती घासणारे कारागीर वाळूदगडाच्या चाकावर ओणवे होऊन काम करीत. काही माल कोरड्या चाकावर घासला जाई, आणि दगडाची व धातूची धूळ त्यांच्या छातीत जाऊन भरे. शेफील्डचे वैद्य जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ साली त्या नगराच्या जीवनमानाची आकडेवारी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तीत या कारागिरांच्या अकाली मृत्यूची हकीकत आली आहे. काटे घासणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट होती. तरुण वयातच दमा जडून हे लोक मरत. गिऱ्हाइकाच्या हातात पडणाऱ्या तेजस्वी पात्याची तपासणी होत असे. ज्याच्या श्वासाने ते तेज आले त्याच्या श्वासाची तपासणी करणारा शोधक संघाजवळ नव्हता. गुणवत्तेच्या इतिहासात ही उणीव लहान मानता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झिलईचे दुसरे रूप पुढे आले. १८१४ च्या कायद्याने उमेदवारीची अट दूर झाली आणि कोणासही हा धंदा करण्याची मोकळीक मिळाली. त्याच काळात साच्यात ओतलेल्या बिडाची पाती घासूनपुसून पोलादाच्या भावाने बाजारात येऊ लागली होती. ओतीव बीड झिलई घेते आणि नवे असताना पोलादासारखेच दिसते. पण त्याला टिकाऊ धार येत नाही व आघाताने ते तुटते. जी झिलई हंट्समनच्या पोलादाची साक्ष होती, तीच आता बिडाचे पांघरूण झाली. १८१९ साली पार्लमेंटने यावर उपाय म्हणून एक नवा कायदा केला. हातोड्याने घडविलेल्या पोलादी मालावर हातोड्याची आकृती उठविण्याची मुभा त्याने दिली, आणि ओतीव मालावर ती उठविणे हा अपराध ठरविला. ‘लंडन’ हे नाव लंडनपासून वीस मैलांच्या आत तयार झालेल्या मालावरच घालता येईल, असेही त्यात ठरले. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रक्रियेसाठी डोळ्यांना दिसणारे चिन्ह निर्माण करावे, हे या कायद्याचे तत्त्व होते. चिन्हाचे सामर्थ्य आणि त्याचे दौर्बल्य दोन्ही यातच आहेत. कारण जे चिन्ह प्रामाणिक माणसाला उठविता येते ते अप्रामाणिकालाही येते.

४

झिलईने गंज लांबतो, टळत नाही. आणि फळांच्या आम्लापुढे तर ती निरुपयोगीच ठरते. श्रीमंतांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे चांदीच्या पात्याचा घडीचा फळचाकू. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत असे चाकू शेफील्डमध्ये विपुल तयार झाले. चांदी फळाच्या रसाने काळी पडत नाही. परंतु ती मऊ असल्यामुळे तिला धारही राहत नाही. पोलादाचे अंग आणि चांदीचे कवच यांचा संयोग करता आला तर दोन्ही गुण साधतील, अशी आशा यातून उत्पन्न झाली.

टॉमस बोल्सोव्हर या शेफील्डच्या चाकूकाराला १७४३ च्या सुमारास एका चाकूची दुरुस्ती करताना तांबे व चांदी उष्णतेने एकजीव होतात असे आढळले, अशी कथा सांगतात. ‘शेफील्ड प्लेट’ या नावाने प्रसिद्ध झालेला धंदा यातून उभा राहिला. या मुलाम्याच्या वस्तू शुद्ध चांदीच्या वस्तूंशी इतक्या मिळत्याजुळत्या होत्या की त्यांच्या ठशांविषयी स्वतंत्र नियम करावे लागले. शेफील्डला चांदीचा कस पाहणारे कार्यालय १७७३ मध्ये मिळाले, आणि १७८४ च्या कायद्याने त्या नगरापासून शंभर मैलांच्या आतील मुलामेकारांना आपले ठसे तेथे नोंदवून वापरण्याची परवानगी मिळाली. मुलाम्याला मुलामा म्हणून उघडपणे ओळख देणारी ही तजवीज होती.

परंतु बोल्सोव्हरची रीत तांब्यापुरतीच होती. पोलादाच्या पात्यासाठी तिचा उपयोग नव्हता. पोलादावर चांदी चढविण्याची जी वेगळी रीत होती तिला त्या धंद्यात ‘क्लोज प्लेटिंग’ म्हणत. पाते स्वच्छ घासून त्याला नवसागर लावावयाचा, वितळलेल्या कथलात बुडवावयाचे, त्यावर चांदीचा पातळ वर्ख दाबून बसवावयाचा आणि वरून तापलेले लोखंड फिरवावयाचे, म्हणजे खालचे कथील वितळून वर्ख पात्याला चिकटे. महाराष्ट्रातील वाचकाला या क्रियेचा पूर्वार्ध अपरिचित वाटणार नाही. कथील आणि नवसागर ही कल्हईवाल्याचीच सामग्री होय. मात्र दोहोंमागील समजूत भिन्न होती. पितळी पातेल्याची कल्हई झिजणारच, हे गृहिणी व कल्हईवाला दोघेही जाणून असत, आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करून घेण्यात कोणालाच फसवणूक वाटत नसे. चाकूवरील चांदी मात्र कायमची म्हणून विकली जाई.

तशी ती नव्हती. या लेपाचे दोष त्याच्या घडणीतच होते. वर्ख केवळ कथलाच्या आधाराने चिकटलेला असल्यामुळे उष्णतेने तो सुटून फुगे येत. कडेने किंवा एखाद्या ओरखड्यातून ओलावा आत गेला की खालचे पोलाद गंजे आणि फुगलेला गंज चांदीला आतून उचलून काढी. याहून सूक्ष्म दोष असा की, कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, आणि लहान चाकूच्या पात्याचा ठिसूळपणा घालविण्यासाठी कारागीर त्याला साधारण याच सुमाराची उष्णता देत. मुलामा चढविणाऱ्याचा हात थोडा रेंगाळला की पात्याचा कठीणपणा कमी होई. मुलामा चढताना पाणी उतरे, असे याचे यथार्थ वर्णन करता येईल.

१८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंनी विजेच्या साहाय्याने चांदी चढविण्याच्या रीतीचे एकस्व घेतले. जॉन राइट या शल्यवैद्याने शोधलेला सायनाइडाचा द्राव तिला उपयोगी पडला होता. या रीतीने थर सारखा बसू लागला व त्याची जाडी विजेच्या प्रमाणावरून ठरविता येऊ लागली. पण थर किती पातळ आहे हे गिऱ्हाइकास पूर्वीप्रमाणेच कळत नव्हते. शिवाय धातूंच्या विद्युत्-स्वभावाचा एक नियम येथे आड येतो. चांदी ही लोखंडापेक्षा उदात्त, म्हणजे अविकारी, धातू आहे. तिच्या थराला सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले आणि तेथे ओलावा पोचला, तर त्या छिद्रातील लोखंड उघड्या लोखंडापेक्षाही जलद गंजते. सदोष मुलामा हा मुलामा नसण्याहून वाईट, असा याचा निष्कर्ष. अशा लेपाबाबत ‘बहुतेक चांगला’ अशी प्रतवारीच संभवत नाही.

५

पोलादाचाच स्वभाव बदलावा, म्हणजे लेपाची गरज राहणार नाही, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुचला होता. लंडनचा चाकूकार जेम्स स्टोडार्ट व मायकेल फॅराडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्यांच्या कुतूहलाला एक कारण दक्षिण भारतातील ‘वूट्झ’ पोलादाने पुरविले होते. हे नाव कानडी ‘उक्कु’ या शब्दाचे इंग्रजी उच्चारात झालेले रूपांतर मानले जाते. १८२१ साली पिएर बर्थिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्रोमियममिश्रित लोहावर आम्लांचा परिणाम कमी होतो हे पाहिले, आणि चाकू-सुऱ्यांसाठी त्याचा उपयोग व्हावा अशी सूचनाही केली. असे असता निष्कलंक पाते तयार होण्यास आणखी सुमारे नव्वद वर्षे का लागली?

कार्बनचे प्रमाण पुरेसे कमी ठेवून क्रोमियम मिसळणे त्या काळी कठीण होते, हे एक कारण. दुसरे कारण कसोटीचे आहे. शेफील्डचेच थोर धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८९२ मध्ये क्रोमियम पोलादाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि क्रोमियममुळे पोलादाची गंजरोधकता वाढत नसून उलट घटते असा निर्णय दिला. त्यांनी आपले नमुने पन्नास टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात तपासले होते. त्या आम्लापुढे क्रोमियमचे संरक्षण टिकत नाही, हे खरेच आहे. पण चाकूला कधी गंधकाम्लात राहावे लागत नाही. प्रयोग बिनचूक होता, निरीक्षण प्रामाणिक होते, कसोटी मात्र वस्तूच्या जीवनाशी असंबद्ध होती. कसोटी जितकी कठोर तितकी ती खरी, ही समजूत किती दिशाभूल करते याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९१३ साली शेफील्डच्या ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी व्हावी म्हणून क्रोमियम पोलादावर काम करीत होते. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम व ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद तयार केले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुन्यांवर आम्लाची प्रक्रिया करावी लागते. ती या नमुन्यांवर नीट होईना. ज्याने दुसऱ्या संशोधकाची केवळ अडचण झाली असती, ते चाकूंच्या नगरात वाढलेल्या ब्रिअर्लींना संधीसारखे दिसले. त्यांनी व्हिनेगार व लिंबाचा रस लावून पाहिला. कसोटी अत्यंत साधी, पण चाकूच्या ताटातील व खिशातील आयुष्याशी तंतोतंत जुळणारी होती. ब्रिअर्ली या धातूला गंजरहित पोलाद म्हणत. मोस्ली यांच्या कारखान्यातील व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी व्हिनेगाराने तो डागळत नाही असे पाहून ‘स्टेनलेस’, म्हणजे डाग न पडणारा, हा शब्द वापरला. गंज ही धातूची चिंता, डाग ही वापरणाऱ्याची. टिकला तो वापरणाऱ्याच्या बाजूचा शब्द. स्विट्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांच्या चाकूच्या कारखान्याने ‘व्हिक्टोरिया’ या आपल्या नावाला फ्रेंचमधील ‘इनॉक्स’ हा तुकडा जोडून १९२१ मध्ये ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव घेतले. त्यात याच गुणाची जाहिरात आहे. मराठी घरांतून तर मूळ विशेषणच गळून पडले आणि ‘स्टील’ एवढ्याच शब्दाने स्टेनलेस स्टील समजले जाऊ लागले. कल्हईवाल्याची हाक विरळ होण्यास हेच ‘स्टील’ पुष्कळ अंशी कारण झाले.

या पोलादाचे रक्षण करणारी वस्तू खरे तर एक लेपच आहे. क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर ऑक्साइडचे पटल निर्माण करते. या पटलाची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या मापाची असते. पण कारखान्यात चढविलेल्या लेपाहून हे एका बाबतीत मूलतः वेगळे आहे. ते ओरखडल्यास हवेच्या स्पर्शाने तत्काळ पुन्हा तयार होते. सहाणेवर धार लावली तरी नव्या धारेवर ते आपोआप येते. धारेवर टिकणारा असा हा एकच लेप होय, आणि तो टिकतो याचे कारण तो बाहेरून आलेला नसून अंगातून उगवलेला आहे.

तथापि आरंभीची स्टेनलेस पाती बदनाम झाली. न कापणाऱ्या चाकूंचा शोधक अशी ब्रिअर्लींची थट्टा होई. दोष धातूचा नव्हता. साधे कार्बन पोलाद सुमारे ७८० अंश सेल्सिअसला तापवून बुडविले की कठीण होते. क्रोमियमच्या या पोलादाला हजार अंशांच्या आसपासची उष्णता लागते. शेफील्डचे कारागीर तापलेल्या पात्याचा रंग पाहून उष्णता ठरवीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो अनुभव जुन्या पोलादापुरता अचूक होता. नव्या पोलादाला मात्र तो अपुरा पडला. पाते चकाके, डाग घेत नसे, आणि तरी त्याला पाणी चढलेले नसे. पृष्ठभागाचा प्रश्न सुटताच अंतरंगाचा प्रश्न पुन्हा उघडा झाला. तो सुटण्यासाठी डोळ्यांच्या जागी उष्णतामापक आणि हाताच्या अंदाजाच्या जागी कठीणपणा मोजणारी यंत्रे यावी लागली.

६

विसाव्या शतकात पात्यावरील लेपांची संख्या वाढत गेली. बर्मिंगहॅमच्या टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये लोखंडावर फॉस्फेटचा थर देण्याच्या रीतीचे एकस्व घेतले. असा थर तेल धरून ठेवतो व चकाकी मारतो. म्हणून सैनिकी हत्यारांसाठी तो सोयीचा ठरला. शतकाच्या उत्तरार्धात निर्वात पात्रात धातूची वाफ करून टायटेनियम नायट्राइडासारख्या संयुगाचा थर हत्यारांवर बसविण्याची विद्या पुढे आली. तिच्या जोडीला हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचे लेपही आले. हे थर एक ते चार-पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीच्याही लहानशा अंशाएवढे असतात. टायटेनियम नायट्राइडाचा कठीणपणा व्हिकर्स मापाने दोन हजारांच्या पलीकडे जातो; चांगल्या पात्याच्या पोलादाचा सहाशे ते सातशेच्या घरात असतो. हे आकडे ऐकून पाते तिप्पट टिकाऊ झाले असा समज होणे सोपे आहे.

वस्तुस्थिती अशी की, मऊ आधारावरील कठीण थर अंड्याच्या कवचासारखा वागतो. खालचा धातू दबला की वरचा थर तडकतो. पाते पुसताना राहिलेले तेल, हाताचा स्निग्धपणा किंवा ऑक्साइड यांवर बसलेला थर पुढे खपलीसारखा सुटतो. घडीच्या चाकूत पाते खिळीपाशी घासते, तेथे लेप प्रथम जातो. आणि धारेवर तो पहिल्या सहाणेलाच संपतो. याखेरीज जुना धोका नव्या रूपाने आला आहे. थर बसविताना पात्र दोनशे ते पाचशे अंशांपर्यंत तापते. ते तापमान पात्याला नरमविताना दिलेल्या उष्णतेहून वर गेले, तर लेप निर्दोष बसूनही पाते मऊ पडते. क्लोज प्लेटिंगच्या कारागिराच्या हातून जे होई तेच संगणकाच्या नियंत्रणाखालील पात्रातही होऊ शकते. म्हणून लेपानंतर पात्याचा कठीणपणा पुन्हा मोजणे ही गुणवत्ता-नियंत्रणाची अपरिहार्य पायरी होय. ती गाळली तर चुकलेले पाते दिसावयास अधिकच सुंदर असते.

ठशाच्या जोडीला मोजमाप आले, हे या शतकाचे मुख्य कार्य. १९३९ मध्ये अमेरिकेत मिठाच्या फवाऱ्याच्या कसोटीला मानकाचे रूप मिळाले. लेपाची पकड तपासण्यासाठी हिऱ्याच्या टोकाने वाढत्या भाराखाली ओरखडा काढून थर कोणत्या भाराला सुटतो ते पाहतात. चाकूकारांच्या धंद्यासाठी शेफील्डमध्ये १९५२ साली संशोधन-संस्था स्थापन झाली. धार किती तीक्ष्ण व किती टिकाऊ आहे हे ठरविण्यासाठी सिलिका मिसळलेले जाड कागद ठरावीक भाराने कापविण्याची जी रीत तेथे विकसित झाली, ती पुढे आंतरराष्ट्रीय मानकात आली. प्रतिस्पर्धी जर्मन नगर सोलिंगेन याने दुसरा मार्गही जपला. १९३८ च्या कायद्याने ‘सोलिंगेन’ हे नाव वापरण्याचा हक्क मर्यादित झाला, आणि १९९४ च्या आदेशानुसार निर्मितीचे सर्व महत्त्वाचे टप्पे त्या औद्योगिक प्रदेशात पार पडलेल्या मालालाच तो मिळतो.

नाव आणि मोजमाप या दोन्ही हमींच्या मर्यादा वरील इतिहासातून स्पष्ट होतात. नाव हे भूतकाळाची ग्वाही देते. हातातील पाते त्या भूतकाळास जागले आहे की नाही हे ते सांगू शकत नाही. मोजमाप वर्तमानाविषयी बोलते, पण जेवढे विचारले तेवढेच. मिठाच्या फवाऱ्यात शेकडो तास टिकलेला थर खिशातील घामात, वाळूच्या कणांत व रोजच्या उघडझाकीत तितकाच टिकेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तो फवारा एका कारखान्यातील आजच्या व कालच्या मालाची तुलना करण्यास उपयोगी आहे. चाकूच्या आयुष्याचे भविष्य सांगण्यास नाही. हॅडफील्डांच्या गंधकाम्लाने चांगल्या पोलादाला नापास केले; असंबद्ध कसोटी तितक्याच सहजपणे वाईट लेपाला उत्तीर्णही करू शकते.

एतावता असे म्हणता येईल की, पात्यावरील लेपाचा टिकाऊपणा लेपाच्या द्रव्यावर जितका अवलंबून राहिला, त्याहून अधिक तो लेपाखाली पाहण्याच्या कारखानदाराच्या तयारीवर अवलंबून राहिला. कल्हई झिजणार हे मोकळेपणाने मान्य करणारा व्यवहार प्रामाणिक होता. चांदीचा वर्ख कायमचा म्हणून विकणारा नव्हता. ओतीव बिडाच्या झिलईपासून कठीण थराखालच्या मऊ पात्यापर्यंत फसवणुकीचे वा अनवधानाचे प्रकार बदलले, तरी त्यांचे स्थान बदलले नाही. ते नेहमी पृष्ठभागाच्या किंचित खालीच राहिले. १६२४ च्या कायद्याने शोधकांना धार तपासावयास सांगितले होते. पात्यावर कोणताही थर असो, तो जेथे संपतो तेथूनच चाकूचे काम सुरू होते, आणि पारखीलाही अखेर तेथेच यावे लागते.